शाश्वतवादी वर्गात शिक्षक कुठे बसतो?

अध्यापक महाविद्यालयात शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास सुरू झाला की पहिल्या काही तासिकांतच एक तक्ता फळ्यावर येतो. डाव्या रकान्यात शिक्षककेंद्री विचारप्रणाली आणि तिच्याखाली शाश्वतवाद व सारवाद. उजव्या रकान्यात विद्यार्थीकेंद्री विचारप्रणाली आणि तिच्याखाली पुरोगामी शिक्षणविचार, पुनर्रचनावाद, अस्तित्ववाद. हा तक्ता मी विद्यार्थिनी असताना वहीत उतरवून घेतला होता आणि आता अनेक वर्षे तो शिकवत आले आहे. उत्तरपत्रिकांत त्याची वाक्ये ठरलेली असतात: शाश्वतवादात शिक्षक ज्ञान देतो, विद्यार्थी ते ग्रहण करतो, व्याख्यान ही मुख्य अध्यापनपद्धती असते आणि शिस्त कडक असते. यातले काही बरोबर आहे. पण शाश्वतवाद ज्यांनी केवळ मांडला नाही, तर प्रत्यक्ष वर्गात उभा केला, त्यांच्या कामाशी या वाक्यांचा मेळ बसत नाही, आणि हे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते. काय वाचायचे हे ठरवण्याचा अधिकार आणि वाचलेल्याचा अर्थ ठरवण्याचा अधिकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शाश्वतवादी शिक्षक पहिला अधिकार घट्ट धरून ठेवतो आणि दुसरा जवळजवळ पूर्णपणे सोडून देतो. एकाच रकान्यात बसवल्यामुळे हे दोन्ही अधिकार एकच आहेत असे वाटू लागते, आणि मग वर्गात सतत बोलणारा कोणताही शिक्षक स्वतःला या परंपरेतला समजू शकतो.

मूळ भूमिका थोडक्यात अशी. काळ, साधने, व्यवसाय बदलतात. पण माणूस विचार करणारा प्राणी आहे हे बदलत नाही, आणि न्याय कशाला म्हणावे, चांगले जगणे कोणते, सत्ता कुणाकडे असावी, मृत्यूकडे कसे पाहावे हे प्रश्न प्रत्येक पिढीसमोर पुन्हा उभे राहतात. म्हणून शिक्षणाचे पहिले काम विचारशक्ती घडवण्याचे आहे, आणि त्यासाठी या प्रश्नांवर ज्यांनी खोलवर विचार केला त्यांचे मूळ ग्रंथ वाचले पाहिजेत. त्यांच्यावर इतरांनी काढलेल्या सारांशांनी ते काम होत नाही. या विचाराची मुळे ॲरिस्टॉटल आणि तेराव्या शतकातले थॉमस अक्वायनस यांच्यापर्यंत पोचतात, परंतु शिक्षणशास्त्रात आज ज्याला शाश्वतवाद म्हणतात तो विसाव्या शतकातल्या अमेरिकेत, बराचसा पुरोगामी शिक्षणविचाराचे प्रमुख तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या विचारांशी झालेल्या वादातून आकाराला आला. त्याच्या शेजारी मांडला जाणारा सारवाद, जो विल्यम बॅगली यांनी १९३८ मध्ये ठामपणे पुढे आणला, मूलभूत विषयांच्या आणि कौशल्यांच्या पक्क्या पायाची चिंता करतो. त्याच्या वर्गात पाठ्यपुस्तक पुरेसे असते. शाश्वतवादाला पाठ्यपुस्तकाचे वावडे आहे.

ड्यूई यांनी १८९६ मध्ये ज्या शिकागो विद्यापीठात आपली प्रयोगशाळा-शाळा सुरू केली, त्याच विद्यापीठाचे अध्यक्षपद १९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्याकडे आले. तेव्हा ते तीस वर्षांचे होते आणि त्याआधी येल विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. विद्यापीठाचे काम बौद्धिक आहे या मताला ते इतके चिकटून राहिले की १९३९ मध्ये त्यांनी शिकागोतला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच बंद केला; अमेरिकेत त्या खेळाला असलेले स्थान लक्षात घेतले तर हा निर्णय किती धाडसाचा होता हे कळते. पण त्यांचे खरे काम सुरू झाले ते मॉर्टिमर ॲडलर यांना शिकागोला बोलावून घेतल्यावर. ॲडलर न्यूयॉर्कचे, जन्म १९०२ चा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते एका वृत्तपत्राच्या कचेरीत काम करू लागले होते. जॉन स्टुअर्ट मिल यांचे आत्मचरित्र वाचताना त्यांना कळले की मिल यांनी प्लेटो लहानपणीच वाचला होता. आपण अजून त्याचे एक पानही पाहिलेले नाही ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही आणि ते तत्त्वज्ञानाकडे वळले. पुढे कोलंबिया विद्यापीठात शारीरिक शिक्षणाची अट पूर्ण न केल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही, डॉक्टरेट मात्र मिळाली. त्याच कोलंबियात ते ड्यूई यांच्या व्याख्यानांना बसत आणि आजच्या व्याख्यानातले विधान मागच्या व्याख्यानाशी कसे विसंगत आहे हे दाखवणारी पत्रे त्यांना पाठवत. शेवटी ही पत्रे थांबवावीत असा निरोप त्यांना आला.

कोलंबियातच ॲडलर यांना जॉन अर्स्किन भेटले. अर्स्किन यांनी १९२० मध्ये तेथे एक वर्ग सुरू केला होता, ज्यात निवडक विद्यार्थी दर आठवड्याला एक अभिजात ग्रंथ वाचून येत आणि त्यावर चर्चा करत. ग्रंथाच्या पार्श्वभूमीवर विद्वत्तापूर्ण प्रस्तावना नसे, टीकाग्रंथांची यादी नसे. प्राचीन ग्रीक कवी होमर हा जणू या आठवड्यात प्रसिद्ध झालेला लेखक आहे अशा थेटपणे त्याला वाचायचे, ही त्यामागची धारणा होती. विद्यापीठातल्या तज्ज्ञांचा याला विरोध होता आणि त्यांचा आक्षेप वजनदार होता, कारण ज्या ग्रंथावर एखाद्या विद्वानाने आयुष्य घालवले तो एका आठवड्यात वाचून संपवणे हा उथळपणा ठरू शकतो. अर्स्किन यांचे म्हणणे असे की हे ग्रंथ विद्वानांसाठी लिहिले गेलेच नव्हते. मला वाटते, शिक्षकाच्या स्थानाचा प्रश्न इथेच पहिल्यांदा उभा राहिला. तज्ज्ञ बाजूला झाला की शिक्षकाने काय करायचे?

१९३० पासून हचिन्स आणि ॲडलर यांनी शिकागोत असाच वर्ग एकत्र घेतला. विद्यापीठाचा अध्यक्ष आणि त्याचा मित्र एका टेबलाशी बसून कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारत. लेखिका गर्ट्रूड स्टाइन शिकागोला आल्या असताना त्यांचा या ग्रंथांच्या यादीवरून या दोघांशी कडाक्याचा वाद झाला, आणि मग हचिन्स यांनी त्यांनाच एकदा तो वर्ग घ्यायला सांगितले. वर्गात विद्यार्थी मोकळेपणाने बोलले. इतके मोकळे ते आमच्यासमोर का बोलत नाहीत, असे विचारल्यावर स्टाइन यांनी दिलेले उत्तर त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा: मला उत्तर माहीत नाही म्हणून ते माझ्याशी बोलतात, तुम्ही माहीत नाही असे म्हणता, पण तुम्हाला ते माहीत असते. संवादपद्धतीवर यापेक्षा नेमकी टीका माझ्या वाचनात नाही. प्रश्न विचारणारा शिक्षक उत्तर खिशात ठेवून बसला असेल तर तो व्याख्यानच देत असतो, फक्त ते विद्यार्थ्यांच्या तोंडून वदवून घेत असतो. सराव पाठांत आम्ही ज्याला प्रश्नोत्तर पद्धती म्हणतो आणि पाठ टाचणात ‘अपेक्षित उत्तर’ असा रकाना आखतो, त्यात नेमके हेच घडत असते.

हचिन्स यांच्या विचारातली खरी अडचण मात्र वर्गातल्या संवादात नव्हती, ती त्यांच्या तर्कात होती. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या उच्च शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक अनुमानमाला मांडली: शिक्षण म्हणजे शिकवणे आले, शिकवणे म्हणजे ज्ञान आले, ज्ञान म्हणजे सत्य, सत्य सगळीकडे एकच असते, म्हणून शिक्षणही सगळीकडे एकच असले पाहिजे. वाचायला हे सुबक आहे आणि म्हणूनच धोक्याचेही. ड्यूई यांनी लगेच प्रश्न उपस्थित केला की ही अंतिम सत्ये कोणती आहेत हे ठरवणार कोण. हचिन्स यांची फॅसिझमशी सहानुभूती आहे असे मला सुचवायचे नाही, परंतु स्वातंत्र्याविषयीचा जो अविश्वास आणि स्थिर सत्तेचा जो आधार आज जगभर पसरतो आहे त्याच्याशी या उपायाचे नाते आहे, अशा अर्थाचे ड्यूई यांनी १९३७ मध्ये लिहिले. युरोपात तेव्हा काय चालले होते हे आठवले की या वाक्याची धार समजते. हचिन्स यांनी उत्तर दिले, पण त्या उत्तरात आपले म्हणणे चुकीचे समजले गेल्याची तक्रार अधिक होती आणि ‘कोण ठरवणार’ या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हते.

तरीही हचिन्स यांच्या बाजूची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९३५ मध्ये औषध दुकानांच्या साखळीचे मालक चार्ल्स वॉलग्रीन यांनी, शिकागो विद्यापीठात साम्यवाद शिकवला जातो असा आरोप करून आपल्या भाचीला तेथून काढून घेतले आणि इलिनॉय राज्याच्या सिनेटने चौकशी लावली. तेव्हा हचिन्स आपल्या प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कोणतेही पुस्तक वाचण्याच्या, कोणत्याही मतावर चर्चा करण्याच्या हक्कामागे न डगमगता उभे राहिले. कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करायची यावर हुकूमत गाजवू पाहणारा हा माणूस त्या पुस्तकावर काय म्हणायचे याच्या स्वातंत्र्यासाठी राज्यसत्तेशी दोन हात करत होता. दोन अधिकार वेगळे असतात असे मी वर म्हटले, त्याचा याहून स्वच्छ पुरावा मला देता येणार नाही.

शिकागोत प्राध्यापकांच्या विरोधामुळे हचिन्स यांना हवा तसा अभ्यासक्रम कधीच पूर्णपणे आला नाही. तो आला मेरीलँड राज्यातल्या ॲनापोलिस या छोट्या शहरात. तिथले सेंट जॉन्स कॉलेज आपला इतिहास १६९६ सालच्या एका शाळेपर्यंत नेते, पण १९३६ पर्यंत ते कर्जबाजारी झाले होते आणि त्याची अधिमान्यताही गेली होती. १९३७ मध्ये स्ट्रिंगफेलो बार त्याचे अध्यक्ष झाले आणि स्कॉट ब्यूकॅनन अधिष्ठाता. दोघे ऑक्सफर्डपासूनचे मित्र होते. ब्यूकॅनन यांनी त्याआधी न्यूयॉर्कमध्ये कष्टकरी प्रौढांसाठी सार्वजनिक ग्रंथालयांतून अशा वाचनवर्गांची व्यवस्था केली होती, आणि त्यात ॲडलरही सहभागी होते; हे इथे नोंदवणे महत्त्वाचे आहे, कारण ही केवळ श्रीमंतांच्या मुलांची चैन होती असा समज सरसकट आढळतो.

सेंट जॉन्समध्ये विभाग नाहीत, विशेष विषय नाहीत आणि ऐच्छिक विषयही जवळजवळ नाहीत. सर्व विद्यार्थी चार वर्षे एकच अभ्यासक्रम पूर्ण करतात: होमर आणि प्लेटोपासून सुरुवात, गणितात युक्लिड, टॉलेमी, पुढे न्यूटन आणि आइन्स्टाइनपर्यंत; भाषेत पहिली दोन वर्षे प्राचीन ग्रीक, नंतर फ्रेंच. शिकवणाऱ्यांना तिथे प्राध्यापक म्हणत नाहीत, ट्यूटर म्हणतात, आणि प्रत्येक ट्यूटरने कालांतराने अभ्यासक्रमातला प्रत्येक भाग शिकवावा अशी अपेक्षा असते. म्हणजे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली व्यक्ती प्रयोगशाळेत विद्युत्चुंबकत्वाचे प्रयोग करते आणि भौतिकशास्त्रज्ञ ग्रीक क्रियापदे चालवतो. शिक्षकाला त्याच्या तज्ज्ञतेच्या आसनावरून मुद्दाम खाली उतरवण्याची ही व्यवस्था आहे. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी चर्चावर्ग भरतो. मोठ्या टेबलाभोवती वीसेक विद्यार्थी आणि दोन ट्यूटर बसतात. त्यांपैकी एक ट्यूटर सुरुवातीचा प्रश्न विचारतो आणि मग त्या प्रश्नाचे काय होईल ते कुणालाच माहीत नसते. सर्वजण एकमेकांना, ट्यूटरसुद्धा विद्यार्थ्याला, आडनावाने आणि आदरार्थी संबोधतात. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याचे सर्व ट्यूटर त्याच्यासमोरच, पण त्याचा उल्लेख तृतीय पुरुषी करत, त्याच्या कामाविषयी आपसात बोलतात आणि नंतर त्याला उत्तर देण्याची संधी मिळते. गुण नोंदवले जातात, पण ते दाखवण्यावर भर नसतो.

यातला गणिताचा वर्ग मला सर्वांत बोलका वाटतो. पहिल्या वर्षी विद्यार्थी युक्लिडचा पहिलाच सिद्धांत फळ्यावर मांडतो: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढा. रेषाखंडाच्या एका टोकाला केंद्र मानून, त्या रेषाखंडाएवढ्या त्रिज्येने वर्तुळ काढायचे, दुसऱ्या टोकाला केंद्र मानून तसेच दुसरे काढायचे, आणि ती जिथे छेदतात तो बिंदू दोन्ही टोकांना जोडायचा. आपल्याकडे सातवी-आठवीतला मुलगाही कंपास घेऊन हे करून दाखवतो. मग टेबलाभोवतीचे कुणीतरी विचारते की ही दोन वर्तुळे एकमेकांना छेदतातच हे युक्लिडने कुठे सांगितले आहे. आकृतीत ती छेदताना दिसतात हे खरे. पण त्याने सुरुवातीला मांडलेल्या गृहीतकांतून ते निघत नाही. दोन हजार वर्षे आदर्श मानल्या गेलेल्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर एक फट आहे, आणि ती अठरा वर्षांच्या मुलीला सापडू शकते. ट्यूटरला ती आधीपासून ठाऊक असते, पण सांगायची नसते. ग्रंथ मोठा आहे म्हणून त्यापुढे मान तुकवायची, ही शाश्वतवादाची सर्वांत प्रचलित प्रतिमा या फळ्यापाशी टिकत नाही. ग्रंथ मोठा असतो तो त्याच्याशी भांडता येते म्हणून, आणि हे भांडण नीट घडवून आणणे हे शिक्षकाचे काम असते.

याला तात्त्विक आधारही जुनाच आहे. एक माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो का, या प्रश्नाचा विचार करताना अक्वायनस यांनी वैद्याचा दाखला दिला: रोग बरा करते ती शरीराची स्वतःची शक्ती, वैद्य तिला साहाय्य करतो, तसेच समजून घेण्याचे काम शिकणाऱ्याचीच बुद्धी करते. ॲडलर यांनी १९८२ मध्ये शालेय शिक्षणासाठी जो प्रस्ताव मांडला त्याच्या मुळाशी हाच विचार होता. खऱ्या शिकण्याचे प्रमुख कारण शिकणाऱ्याच्या मनाची क्रिया हे आहे, आणि शिक्षक हे दुय्यम, सहकारी कारण आहे, असे ते स्पष्ट म्हणत. अध्यापन त्यांनी तीन प्रकारांत विभागले: माहितीसाठी पद्धतशीर सांगणे; वाचन, लेखन, गणन, निरीक्षण या कौशल्यांसाठी शेजारी उभे राहून करवून घेणे; आणि कल्पना समजण्यासाठी संवाद. तिन्ही लागतात हे त्यांनी मान्य केले होते, आणि तक्त्यातला रकाना जिथे खरा ठरतो ती जागा हीच आहे. सर्व मुलांना एकच अभ्यासक्रम, हुशारांसाठी वेगळा आणि इतरांसाठी सौम्य असा भेद नाही, बारा वर्षांत व्यवसायशिक्षण नाही, दुसऱ्या भाषेची निवड सोडली तर ऐच्छिक विषय नाहीत. विद्यार्थ्याच्या आवडीला अभ्यासक्रम ठरवण्यात मत नाही. हा शिक्षकाचा, अधिक काटेकोरपणे म्हणायचे तर प्रौढांचा, अधिकार आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. बारा वर्षांच्या मुलाला ज्याची ओळखच झालेली नाही त्याची आवड त्याला असणार कशी? आवडीवर सोडले की त्याच्या घरात आणि गल्लीत जे आधीच आहे तेच त्याच्या वाट्याला येते, आणि ज्याच्या घरात पुस्तके नाहीत त्याचा वाटा सर्वांत लहान राहतो. सर्वोत्तम मुलांसाठी जे सर्वोत्तम शिक्षण तेच सर्वांसाठीही सर्वोत्तम, हे हचिन्स यांचे सूत्र ॲडलर यांनी या प्रस्तावात उचलून धरले. तो अर्पण केला होता अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांचे पुरस्कर्ते होरेस मान, हचिन्स आणि ड्यूई यांना, हेही विसरू नये. ड्यूई स्वतः १९३८ मध्ये आपल्याच अनुयायांना सांगत होते की जुने नाकारले एवढ्याने नवे शिक्षण उभे राहत नाही.

आमच्या महाविद्यालयात मी प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातला चौरसाचा भाग छात्राध्यापकांसमोर मराठीत ठेवते. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो: दोन फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ चार; तर आठ क्षेत्रफळाचा चौरस कोणत्या बाजूवर काढशील? मुलगा म्हणतो, दुप्पट बाजू घेऊ. आकृती काढल्यावर क्षेत्रफळ सोळा निघते. मग तो तीन म्हणतो, नऊ निघते. आता त्याला कळते की आपल्याला माहीत नाही, आणि सॉक्रेटिस सांगतो की हे कळणे म्हणजे नुकसान नव्हे. शेवटी मुलगा कर्णापर्यंत पोचतो. माझा प्रश्न एवढाच असतो: सॉक्रेटिसने त्याला शिकवले की नाही? गणित पद्धतीचे छात्राध्यापक लगेच म्हणतात की प्रश्नांत उत्तर दडलेले होते, कर्ण सॉक्रेटिसनेच काढून दाखवला. हे अगदी खरे आहे, आणि स्टाइन यांच्या आक्षेपाची पायरी ते स्वतःहून चढतात. मग वर्गात एक लांब शांतता येते, जी भरून काढण्याचा मोह कोणत्याही शिक्षकाला होतो, आणि ती तशीच राहू देणे हे या पद्धतीतले सर्वांत कठीण कौशल्य आहे. मागच्या एका तुकडीत त्या शांततेनंतर एका मुलीने विचारले की या मुलाचे नाव काय होते. संवादात त्याला नावच नाही. तो मेनोच्या लवाजम्यातला एक आहे, त्याने आपली बुद्धी दाखवली आणि तो पुन्हा गुलामच राहिला. तासिका संपेपर्यंत चर्चा त्याच मुद्द्यावर राहिली, आणि मी ठरवलेल्या प्रश्नाकडे आम्ही परत आलोच नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाने शाश्वतवादाच्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवले असे मला वाटते. १९५२ मध्ये हचिन्स आणि ॲडलर यांच्या संपादनाखाली पाश्चात्त्य जगातल्या थोर ग्रंथांचे ५४ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत ७४ लेखक होते आणि एकही स्त्री नव्हती. १९९० च्या ६० खंडांच्या आवृत्तीत जेन ऑस्टेन, जॉर्ज एलियट, विला कॅथर आणि व्हर्जिनिया वुल्फ या चौघी आल्या. कृष्णवर्णीय लेखक तेव्हाही एकही नव्हता आणि त्यावर टीका झाल्यावर ॲडलर यांनी निवडीचे समर्थनच केले. त्यांचे निकष असे होते: ग्रंथ आजच्या प्रश्नांना भिडणारा हवा, पुन्हा पुन्हा वाचून संपणारा नसावा आणि थोर कल्पनांवरच्या दीर्घ संवादात त्याचा वाटा असावा. निकष मला मान्य आहेत. पण त्या संवादात बसू कुणाला दिले होते, लिहिणे-वाचणे कुणाच्या हातात होते, हे न विचारता निकष लावले की ऐतिहासिक अन्याय गुणवत्तेच्या नावाने पुढे चालू राहतो. ड्यूई यांच्या ‘कोण ठरवणार’ या प्रश्नाला इथे रक्तमांस मिळते.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. ॲडलर यांच्या काही वर्षे आधी, १९१३ ते १९१६ या काळात, बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात शिकत होते आणि त्यांचेही गुरू ड्यूईच होते. शाळेत असताना संस्कृत शिकण्याची त्यांची वाट जातीमुळे अडवली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. अभिजात ग्रंथ नुसते असून भागत नाही, त्यांच्या दारावर कोण उभे आहे हेही पाहावे लागते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे नाही. हचिन्स यांची अनुमानमाला छापली गेली त्याच १९३६ मध्ये, लाहोरच्या संमेलनासाठी तयार केलेल्या पण तिथे होऊ न शकलेल्या भाषणात, जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयी बोलताना बाबासाहेबांनी ड्यूई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख करून त्यांचा एक उतारा दिला. प्रत्येक समाजावर भूतकाळातल्या निरर्थक आणि विकृत गोष्टींचे ओझे साचते; जाणत्या समाजाची जबाबदारी सगळा वारसा जसाच्या तसा पुढे देण्याची नसून, अधिक चांगल्या भविष्यासाठी जे उपयोगी तेवढेच पुढे देण्याची आहे, असा त्याचा आशय आहे. आणि तरीही ज्या ग्रंथांचे दार आपल्याला बंद होते ते ग्रंथ बाबासाहेबांनी बाजूला टाकले नाहीत. ते शब्दन् शब्द वाचून त्यांच्याशी त्यांनी आयुष्यभर वाद घातला. युक्लिडच्या पहिल्या पानावरची फट दाखवणारी विद्यार्थिनी जे लहान प्रमाणात करते ते त्यांनी एका संपूर्ण परंपरेच्या बाबतीत केले. शाश्वतवादाला त्याच्या यादीच्या अहंकारातून सोडवायचे असेल तर मला हाच मार्ग दिसतो: यादी उघडी ठेवायची, पण मूळ ग्रंथ वाचण्याचा आग्रह सोडायचा नाही.

असा प्रयत्न झालाही आहे. हचिन्स यांच्याच काळात शिकागोत शिकलेले लेखक अर्ल शोरिस यांनी १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एक वर्ग सुरू केला. गरिबीविषयी लिहिण्यासाठी ते लोकांशी बोलत हिंडत असताना तुरुंगातल्या एका स्त्रीने त्यांना सांगितले होते की गरिबांच्या मुलांना शहराच्या दुसऱ्या भागातल्या लोकांचे नैतिक जीवन, म्हणजे नाटके, संग्रहालये, संगीतसभा, व्याख्याने, मिळाली पाहिजेत. बेघर, व्यसनातून बाहेर पडणारे, तुरुंगातून सुटलेले प्रौढ विद्यार्थी त्या वर्गात प्लेटो वाचत होते, आणि शिकवण्याची रीत संवादाची होती. हे शिक्षण त्यांच्या रोजच्या गरजांपासून दूर आहे असा आक्षेप शोरिस यांच्यावर घेतला गेला. माझा अनुभव याच्या उलट आहे. ग्रामीण भागातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या माझ्या छात्राध्यापकांना ‘उपयोगी’ म्हणून जे पातळ केलेले टिपण दिले जाते, त्यात त्यांचा अपमान असतो आणि तो त्यांना समजतो.

या सत्रात मी दोन उतारे एकाच दिवशी वाचायला देणार आहे: हचिन्स यांची अनुमानमाला आणि बाबासाहेबांनी दिलेला ड्यूई यांचा उतारा. टेबल नाही, त्यामुळे बाके गोलाकार लावावी लागतील. सुरुवातीचा प्रश्न ठरला आहे: या दोन माणसांपैकी तुमच्या शाळेचा अभ्यासक्रम कुणाच्या हाती द्याल, आणि त्याच्याकडून आधी कोणती गोष्ट कबूल करून घ्याल? याचे उत्तर मी अजून शोधते आहे, त्यामुळे पाठ टाचणातला अपेक्षित उत्तराचा रकाना रिकामा ठेवला आहे.